टरबाईनच्या नळीतला बोळा

गजाननभाऊंनी काचेची बाटली खिडकीच्या उजेडात धरली. "कांताबाई, हे पाहा. तेल हाय का ताक?"

बेरिंगमधून काढलेलं तेल होतं. एरवी ते मधासारखं दिसतं. त्या दिवशी पांढरट होतं.

"पाणी गेलं तेलात," ते म्हणाले आणि मशीन बंद केली.

मी अमडापूरजवळच्या सोयाबीन तेलाच्या कारखान्यात टरबाईनच्या खोलीची साफसफाई करते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. मशीनचं जे कळतं ते गजाननभाऊंमुळे. ते ऑपरेटर आहेत. आमची टरबाईन जुन्या जहाजातली आहे. जहाज भंगारात निघालं, तेव्हा मालकांनी ती विकत घेतली. जहाजावर ती दिवे लावायची, इथं कारखान्याला वीज देते. बॉयलरमध्ये कापसाची वाळलेली पऱ्हाटी जळते, पाण्याची वाफ होते, वाफेच्या जोरानं आतली चाकं फिरतात. उरलेली वाफ पुढे सोयाबीन तापवायला जाते.

चाकांचा दांडा जिथं मशीनच्या बाहेर येतो, तिथल्या वाफ अडवणाऱ्या सीलला ग्लँड म्हणतात. त्याच्या पलीकडे दांडा पेलणारं बेरिंग असतं, ते तेलात फिरतं. तेलात पाणी गेलं की बेरिंग खराब होतं.

मॅनेजर साहेब धावत आले. तिकडे सोयाबीनचे ट्रक उभे, इकडे सगळं बंद.

"गजानन, तेल रोज पाहत होतास की नाही?"

"पाहत होतो साहेब. काल चांगलं होतं."

"मग रात्रीतून पाणी आलं कुठून? पाऊस पडला का आत?"

"तेच तर मले समजून नाही राह्यलं."

"तुला समजत नसेल तर समजणारा आणतो. तू संध्याकाळी हिशोब घेऊन जा."

गजाननभाऊ बाटली दोन्ही हातांत धरून उभे राहिले. त्यांच्या घरी तेच एकटे कमावणारे आहेत. मी कोपऱ्यात फडकं पिळत होते. पाणी कुठून आलं असेल ते मला तेव्हाच उमगलं.

मागच्या आठवड्यात साहेबांनी सगळ्यांची मीटिंग घेतली होती. बाहेरून कोणी इंजिनियर येऊन गेले होते. पऱ्हाटी जास्त जळते आणि वीज कमी होते, असं त्यांचं म्हणणं. साहेब म्हणाले, "जिथं वाफ गळताना दिसेल ती बंद करा. गळती म्हणजे नुकसान."

मशीनच्या मागे, भिंतीच्या अंगाला, बोटभर जाडीची एक नळी आहे. तिच्यातून सतत थोडी वाफ निघते. तिथं माझ्याशिवाय कोणी वाकत नाही. घरी रांजणाला बारीक भोक पडलं की आपण चिंधीचा बोळा ठोकतो. तसाच मी काल मशीन थोडा वेळ थांबली होती तेव्हा त्या नळीत ठोकला, वरून तार आवळली. मुकादमानं पाहिलं आणि साहेबांना सांगितलं. साहेबांनी सगळ्या बायांना गोळा केलं, माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. गजाननभाऊ तिथंच होते. त्यांनी विचारलं, "कोणती गळती बुजवली जी कांताबाई?" इतकी माणसं माझ्याकडे बघत होती की मी पदर तोंडाला लावला आणि खाली बघून हसले. त्यांना वाटलं, पाण्याच्या पाईपाची असेल.

आताही पदर तोंडाकडे गेला. मी मशीनच्या मागे गेले, पकडीनं बोळा उपटला आणि आणून साहेबांपुढच्या टेबलावर ठेवला.

"हे काय?" साहेब म्हणाले.

गजाननभाऊंनी बोळा पाहिला आणि कपाळावर हात मारला. "ग्लँडच्या नळीतला व्हय? काऊन लावला हो बाई? ग्लँडमधून झिरपलेली वाफ तिथून बाहेर काढून देतात. तिची वाट बंद केली तर ते दांड्यावरून बेरिंगातच घुसते आन् तेलात तिचं पाणी होते."

"वाफ गळत होती," मी एवढंच म्हणाले.

साहेबांनी बोळा उचलून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे टाळ्या आपण याला वाजवल्या." कोणी हसलं नाही. "गजानन, जाऊ नको. बेरिंग उघड." ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

बेरिंगला ओरखडे पडले होते, पण ते वाचलं. तेल बदललं. त्यात दोन दिवस कारखाना बंद राहिला. माझी हजेरी लागली, कारण सांडलेलं तेल पुसायला मी हवी होते. पोती भरणाऱ्या रोजंदारीच्या बायांना मात्र गेटवरूनच परत पाठवलं. माझ्यासोबत ऑटोनं येणारी सुमन त्यांच्यातच होती. जाता जाता म्हणाली, "काय वं कांते, टाळ्या तुले आन् सुट्टी आमाले?"

बाकीच्या हसल्या. मी गेटच्या आत होते, त्या बाहेर. मला वर बघवलं नाही.

गजाननभाऊंनी नंतर नीट समजावून सांगितलं. काही वाफ वाया जाते, ती थांबवायची. काही वाफ मुद्दाम सोडलेली असते, तिला हात लावायचा नाही. दोन्ही दिसायला सारख्याच. म्हणून आधी विचारायचं. आणि कोणी आपल्याला विचारलं, तर पदर तोंडाला न लावता सांगायचं. पहिलं मी शिकले. दुसरं अजून नीट जमत नाही.