‘होमलेस’ म्हटलं की उभं राहायचं

‘होमलेस’ म्हटलं की मी उभं राहायचं, असं सरांनी ठरवून टाकलं होतं.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. सातवीचा वर्ग. इंग्रजीचे सर शेवटी ‘लेस’ येणारे शब्द शिकवत होते. लेस म्हणजे नसलेला. अर्थ डोक्यात बसावा म्हणून त्यांनी एकेका शब्दाला एकेक पोर नेमलं. सर शब्द उच्चारणार, त्या पोरानं उभं राहायचं, बाकीच्यांनी त्याच्याकडे बघत अर्थ ओरडायचा. स्पॉटलेस, म्हणजे निष्कलंक, वकिलांच्या मुलीला मिळाला. फिअरलेस, म्हणजे निर्भय, डॉक्टरांच्या मुलाला. पुढचे बाक संपले आणि सर मागे आले. युजलेस. होपलेस. मग माझ्यापाशी थांबले.

"तू गिरणीमागच्या झोपड्यांतली ना?"

"व्हय सर."

"मग तू होमलेस. बेघर."

वर्ग हसला. सांगायला लाज वाटते, मीही हसले. सरांनी आपल्याला काहीतरी दिलं, एवढंच मला कळलं. आम्हाला कोण काय देत होतं?

घरी पळत गेले. दिपोटी साहेब शाळा तपासायला येणार, त्यांच्यापुढं मी उभी राहणार, म्हणून आईला सांगितलं. आई जमीन सारवत होती.

"तुजा शबुद काय गं?"

मी सांगितला.

"म्हंजी?"

"जिला घर न्हाई ती."

तिचा हात शेणातच थांबला. वर पत्रा, तीन भिंती आमच्या, चौथी गिरणीची. त्या तीन भिंतींची माती तिनं मी पोटात असताना डोक्यावरून वाहून आणलेली.

"मग मी ह्ये काय सारवतीया?" ती म्हणाली आणि पुन्हा सारवायला लागली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तेव्हापासून भीतीनं मला धरलं. उभी राहिले नाही तर सर शाळेतून नाव काढतील. नाव काढलं की विड्या वळायला बसायचं. शेजारच्या रुक्मीचं तेच झालं होतं. सराव रोज चालायचा. आईचा तो थांबलेला हात रोज डोळ्यांपुढे यायचा, आणि तरी मी रोज उभी राहायचे. एवढी भ्यायलेली मी.

दिपोटी आले. खुर्चीत बसले. शब्द पुढच्या बाकांवरून मागे मागे सरकत आले.

"होमलेस."

मी बसून राहिले.

"होमलेस!" छडी टेबलावर आपटली. सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. मग उठले. परकर ओला झाला. झाला, त्यात लपवायचं काय?

"सर, मला घर हाय. आईनं बांधलंय. ह्या शब्दाला मी उभी ऱ्हाणार न्हाई."

आणि बसले. दिपोटी साहेब हातातल्या कागदात बघत राहिले. शिकलेला माणूस होता तो, हे मी विसरलेले नाही.

ते गेल्यावर सरांनी दोन्ही तळहात फोडून काढले. "उद्यापासून माझ्या वर्गात पाऊल टाकायचं नाही," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधी जाऊन मी माझ्या जागेवर बसले. सर आले. दारातच मी त्यांना दिसले. त्यांच्या चपलांचा आवाज माझ्या बाकापर्यंत आला. माझे गुडघे लटलट कापत होते.

"ऊठ."

सुजलेल्या हातांनी मी बाक घट्ट धरला.

त्या दिवशीची भीती अजून गेलेली नाही. आजही कुणी साहेब आवाज चढवून बोलला की गुडघे तसेच कापतात. कापू देत. माझ्याकडे काय नाही, ते दुसऱ्यानं ठरवायचं नाही. आणि त्यानं ठरवलंच, तर त्याच्या सांगण्यावरून मी उठणार नाही.