दोन बोटं खाली

सत्तार बुबेरे भिवंडीतला लूम-फिटर, म्हणजे यंत्रमाग बसवणारा. चाळीस वर्षं त्याने लूम बसवले, उघडले, पुन्हा बसवले. नुसता हात ठेवून कुठला बोल्ट ढिला आहे ते तो सांगतो असं लोक म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. पाच वर्षांपूर्वी आपल्या छोट्या कारखान्याचा गळका पत्रा बदलायला स्वतःच वर चढला. पत्रा फुटला, तो खाली आला आणि कमरेखालचं सगळं गेलं. यावर तो स्वतः याहून जास्त बोलत नाही, तेव्हा आपणही पुढे जाऊ.

त्याला टोचत होतं ते वेगळंच. घरात एक छोटी, उंच बांध्याची गाडी होती. बायको अतिया पन्नाशीनंतर ती चालवायला शिकली आणि अम्मारपेक्षा, म्हणजे त्यांच्या मुलापेक्षा, बरी चालवत होती. पण सत्तारला गाडीत बसवायचं म्हणजे अम्मारने काखेत हात घालायचे, शेजाऱ्याने पाय धरायचे आणि गल्लीने बघायचं. गल्ली वाईट नव्हती. गल्ली हळहळायची, आणि तेच त्याला सोसत नव्हतं. पुढे पुढे त्याने बाहेर जाणंच सोडलं; गेल्या दीड वर्षात डॉक्टरकडे सोडून तो कुठेही गेला नव्हता. नाक्यावर रामनाथच्या चहाच्या टपरीवर जुने फिटर रोज संध्याकाळी जमत. त्यांनी निरोप पाठवून पाठवून शेवटी पाठवणं सोडलं.

स्वतःच्या हातांनी गाडीत बसता आलं तरच बाहेर पडायचं, असं त्याने मनाशी धरलं होतं. आणि फिटरच तो. त्याने माप घेतलं. चाकाच्या खुर्चीपेक्षा गाडीची सीट चार बोटं उंच होती. एक गुळगुळीत फळी मध्ये टाकून, हातांवर जोर देऊन सरकायचं, याचा सराव त्याने पलंगावर केला. अतिया गादीखाली एकेक गोधडी वाढवत जायची. दोन बोटं चढ असेपर्यंत तो वर जायचा. तिसऱ्या बोटाला घसरून परत खुर्चीत. महिनाभर रोज केलं तरी तिसरं बोट काही सर झालं नाही. म्हणजे उरलेली दोन बोटं गाडीनेच खाली यायला हवं होतं.

मग मोबाइलवर त्याला दिसलं की हौशी पोरं गाडीच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा घालतात आणि गाडी जमिनीलगत आणतात. अम्मारला हसू आवरेना. भिवंडीच्या रस्त्यांवर लोक गाड्या वर उचलून घेतात, आणि आपण खाली घ्यायची?

"अब्बा, पोरं शो मारायला करतात हे."

"मला शो न्हाय मारायचा. मला बसायचं हाय."

अम्मारचं हसू तिथेच थांबलं. आठवड्यात त्याने चार स्प्रिंगा आणल्या आणि ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून स्प्रिंग आवळायचा शिकंजाही आणला. गॅरेजमध्येच बसवून घेऊ म्हणाला. सत्तार ऐकेना. आपल्या कारखान्यात, आपल्या डोळ्यांसमोर. पण रविवारी अम्मारची दापोड्याच्या गोदामात ड्युटी होती. मग पाना धरणार कोण?

"मी हाय की," अतिया म्हणाली.

सत्तारने तिच्याकडे बघितलं. याच कारखान्यात, त्याच्यापासून दहा पावलांवर बसून या बाईने वीस वर्षं धाग्याच्या कांड्या भरल्या होत्या. बाहेरगावच्या कितीतरी माणसांना त्याने फिटर केलं, पण हिच्या हातात एकदा पाना द्यावा असं त्याला कधी सुचलं नव्हतं. आता दुसरा हात नव्हता म्हणून सुचलं. खरं ते हेच.

रविवारी सकाळी अतियाने ओढणी कमरेला घट्ट खोचली आणि गाडी कारखान्यात घेतली. बारा लूम भंगारात गेल्यापासून तिथे मोकळी जागा होती, फक्त फरशीत कापलेल्या बोल्टांची खोडं उरली होती. जॅक लावला, खाली लोखंडी घोड्या दिल्या, चाकं काढली. तो सांगेल तसं ती करत गेली, आणि दुसऱ्या चाकापासून तो सांगायच्या आधीच. मागच्या दोन स्प्रिंगा तासाभरात बदलल्या. त्या सोप्याच असतात.

पुढच्यांची गोष्ट निराळी. तिथे स्प्रिंग शॉकअपवर दाबून बसवलेली असते. ती शिकंज्यात आवळल्याशिवाय वरचा नट काढला तर तोफेसारखी सुटते. सत्तारला लूम आठवला. आडवा धागा नेणारा धोटा चालत्या लूममधून कधी उडेल नेम नसतो, म्हणून कारखान्यात नव्या माणसाला पहिला धडा हाच देतात की धोट्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. एका माणसाचा डोळा गेलेला त्याने स्वतः पाहिला होता. त्याने शॉकअप फरशीवर आडवा ठेवायला लावला, एक तोंड भिंतीकडे, दुसरं चिंध्यांच्या पोत्यांकडे. मग आपली खुर्ची बाजूला घेतली.

"त्याच्या तोंडासमोर येऊ नको. जे काय करायचं ते बगलेतून."

"वीस वर्षं ह्याच कारखान्यात होते मी. ठाऊक हाय."

शिकंजा म्हणजे आट्यांच्या दोन लांब शिगा. त्यांचे आकडे स्प्रिंगच्या वेढ्यांना समोरासमोर अडकवायचे आणि पान्याने आवळत जायचं. दोन्ही बाजू सारख्या आवळल्या पाहिजेत. एक पुढे गेली की स्प्रिंग वाकते आणि आकडा निसटतो. भलेभले इथे घाई करतात. अतियाने अर्धा फेरा इकडे दिला, अर्धा तिकडे. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. सत्तार मनात मोजत होता. ती मोजत नव्हती. डाव्या हाताचा अंगठा वेढ्यावर टेकवून ती नुसती जोर जोखत होती. कांडी भरताना धाग्याला अंगठा लावायची तसा. धागा ढिला पडायचा नाही आणि तुटायचाही नाही. जवळजवळ सव्वा तास हे चाललं. गाडीचं ओझं पेलणारं ते पोलाद वेढ्याला वेढा भिडवत आवळत गेलं आणि शेवटी तिच्या हाताखाली निमूट पडून राहिलं. ती बगलेला सरकली आणि तिने वरचा नट काढला. टक् झालं, एवढंच. सत्तारचा श्वास मात्र कितीतरी वेळाने सुटला. चाळीस वर्षांत असा हात त्याने दोघा-तिघांचा पाहिला असेल. आणि हा घरात होता.

दुसरी बाजूही तशीच झाली. मग सगळं परत जोडायचं. चाक गाडीला जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या बोल्टाशी अतिया थांबली. चाक अजून हवेत लोंबतंय, हा आत्ताच आवळायचा का, असं तिने विचारलं.

"आत्ताच. जीव खाऊन आवळ. ढिला ठेवलेला बोल्ट सकाळी फरशीवर सापडतो."

तिने आवळला. पुढचे, मागचे, सगळे. गाडी खाली उतरवली, चार वेळा पुढेमागे ढकलली. सत्तारने माप घेतलं. एक बोट. पुन्हा घेतलं, तेवढंच. तीन बोटांचा चढ उरला होता, आणि तिसऱ्या बोटाचं काय होतं ते त्याला ठाऊक होतं. त्याने खुर्ची भिंतीकडे वळवली.

"राहू दे. अम्मारला सांग, जुन्या परत बसव."

 अतियाने चाकांखाली जाड फळ्या देऊन गाडी त्यांवर चढवली, पुढेमागे विटा लावल्या आणि मोबाइलचा उजेड घेऊन खाली शिरली. बराच वेळ फक्त तिचे पाय दिसत होते.

"ऐका. हितलं, बोल्टाभोवतीचं रबर पिळलंय."

तो वळला.

"दांडा लोंबत होता तवा आपण आवळला. आता दांडा वर आलाय, पण बोल्टाने रबर तसंच धरून ठेवलंय. ते गाडीला खाली बसू देत न्हाय. तुमचा लूम ओझं वाहत न्हाय, तो नुसता हादरतो, म्हणून आधी आवळलेला चालतो. ही आपल्या वजनावर उभी हाय."

सत्तारला एका क्षणात कळलं. कळलं नसतं तर तो फिटर कसला? अख्खी हयात जी सवय त्याने माणसांना लावली, तीच आडवी आली होती.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि हे वाक्य अतियाने पहिल्यांदा ऐकलं, पण ते चाखत बसायला ती गाडीखाली मोकळी नव्हती. तिने एकेक बोल्ट सैल केला. गाडी दमलेल्या म्हशीसारखी कण्हली आणि बसली. डोळ्यांदेखत बसली. मग ओझं अंगावर असतानाच तिने बोल्ट परत आवळले. सत्तारने फळी, बोटं, पट्टी, सगळं लावून पाहिलं. दोन बोटं, पुरती.

कारखान्यात तो पहिल्याच दमात चढला. तरी ते घरातलं होतं. संध्याकाळी ती दोघं नाक्यावर गेली. वाटेत गतिरोधकावर गाडीचं पोट खरवडलं, तेव्हा अतियाने पुढचे सगळे गाडी तिरकी घालून पार केले. टपरीवर उतरणं सोपं होतं, उताराचं काम. फिटरांनी त्याला मध्ये घेतलं, रामनाथने कटिंग चहा हातात दिला, दीड वर्षाच्या शिव्या घालून झाल्या. जायची वेळ झाली आणि सत्तारने खुर्ची दाराशी नेली. सवयीने चौघे उठले. रामनाथही बाह्या सारत पुढे आला.

"कोणी उठायचं न्हाय," अतिया म्हणाली. ती गाडीच्या पलीकडे उभी होती, तिने स्वतःही हात लावला नाही.

माणसं बसली. सत्तारने फळी टाकली, हात रोवले, अंग उचललं. अर्ध्यात गेला आणि थोडा मागे घसरला.  त्याने हात पुन्हा रोवले. मनगटांच्या शिरा टरारल्या, खांदे वर गेले आणि तो सीटवर होता. त्याने एकेक पाय हाताने उचलून आत घेतला, फळी ओढून घेतली आणि दार लावून घेतलं.

चौघेही अजून बाकावर तसेच होते, गुडघ्यांवर हात ठेवून. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा फिटर खाली वाकून चाकाच्या आत बघत होता.

"स्प्रिंगा कोणी बसवल्या रे?" त्याने विचारलं.

सत्तारने काच खाली केली आणि गाडीच्या पलीकडे उभ्या असलेल्या अतियाकडे बोट केलं.

म्हातारा उठून उभा राहिला. यावेळी अतियाने त्याला बसायला सांगितलं नाही.