बाबी तांडेलाने जावई पारखला

दुकानात पाऊल टाकण्याआधी बाबीकाका दाराआड बघायचा, मग वळून रस्त्यावर, आणि शेवटी माझ्याकडे. चहा दिला तर आधी मला प्यायला लावायचा. मालवणात माझं कॉम्प्युटरचं दुकान, आणि काका शेजारी. जन्म होडीवर तांडेल म्हणून, सुकाणू धरून काढलेला. देवळातला प्रसादसुद्धा वास घेऊन खायचा. आता तो नाही, आणि मला त्याच्या संशयाचीही आठवण येते.

एके दुपारी त्याने हळूच विचारलं, "इमानांच्या लढाईचो खेळ तुका येता मां? माका शिकव. पण खंय बोलू नको."

कॉम्प्युटरवरचा विमानांच्या लढाईचा खेळ, आणि तोही या वयात! कारण होता जावई. मुलीने, वैशालीने, पुण्यात आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हापासून काका तिच्याशी बोलला नव्हता. जावई नितीन या खेळाचा शौकीन. त्यानेच निरोप धाडला होता, बाबा, आपण जोडीने उडू या. काकाला त्यात डाव दिसला. "माणूस दर्यात कळता," तो म्हणायचा. "पण हेका होडयेत घातलंय तर ओकतलो. मगे इमानात बघुया, माका टाकून पळता काय ता." पळाला तर मुलीचं माहेर कायमचं बंद, हेही त्याने सांगून टाकलं.

शिकवता शिकवता माझ्या नाकी नऊ आले. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. काकाचा हात तसाच घडलेला. खेळाची काठी, म्हणजे जॉयस्टिक, डावीकडे केली की विमान डावीकडेच जातं. तो दर वेळी उलटा वळायचा आणि डोंगरावर आपटायचा. "मोडकी काठी दिलस माका! जावयान तुका फितवल्यान!" शेवटी सेटिंगमध्ये मी काठीची दिशाच उलटी करून दिली, तेव्हा कुठे स्वारी आकाशात टिकली. मागे बघायला मात्र शिकवावं लागलं नाही. नवखे समोरच्या विमानामागे धावतात आणि पाठीत गोळ्या खातात. काका सारखा मागे बघायचा. "फुडलो दिसता, तेचा भय नाय," म्हणायचा.

जोडीने उडायच्या दिवशी नितीन पुण्याहून जोडला गेला, आणि काकाने हेडफोन नाकारला. "आवाज मोठ्यान लाव. साक्षीदार होयो."

बराच वेळ दोघं छान लढले. मग काकाच्या इंजिनातून धूर निघाला, आणि मागे शत्रूची विमानं लागली.

"माझा गेला आता," काका म्हणाला. "तू घराक जा."

हीच परीक्षा होती. जाऊ नको रे बाबा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं.

"बाबा, मी मागे वळलो तर दोघंही पडू," स्पीकरमधून नितीन म्हणाला. "मी निघतो."

आणि तो खरोखरच गेला. काकाचं विमान समुद्रात पडलं. मला जावयाचा भयंकर राग आला.

"काका, पळालो तो जावई," मी म्हणालो.

काका काठीवरचा हात काढेना. "माझो भाऊस," तो हळू म्हणाला, "दुसऱ्याच्या होडयेसाठी वादळात मागे वळलो, तो परत इलोच नाय. सगळे तेका शूर म्हणतत. तेची बायल जल्मभर दाराकडे बघीत रवली." मग काठी बाजूला सारून म्हणाला, "हो जावई घराक जातलो. चेडू माझा सुखात आसतला."

माझ्या फोनवरून त्याने मुलीला फोन लावला. "वैशू, चवथीच्या गणपतीक ये गो. जावयाकय घेवन ये."

पलीकडून काहीच येईना. काकाने फोन कानापासून दूर धरला आणि माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "बंद केलस काय रे?"

बंद नव्हता. मी तो परत त्याच्या कानाला लावला. पलीकडे वैशाली हुंदके देत होती.