पंचफुलाबाईचं रानगुलाबाचं पाणी

माझ्या सासूबाईंना कोणी वैदू म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. "म्या काय झोळी घेऊन गावोगाव हिंडतो?" असं त्या विचारायच्या, आणि विचारता विचारताच समोरच्याला जीभ बाहेर काढायला लावून निरखत बसायच्या. पंचफुलाबाई त्यांचं नाव. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. घाटंजीच्या बाजाराला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती, वस्तीखाली नाला आणि नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा. त्या नाल्याच्या काठावर रानगुलाबाचं भलंमोठं झुडूप होतं. फुलं पांढरी, पाच पाकळ्यांची, बागेतल्या गुलाबापुढे अगदीच गरीब. काट्यांच्या बाबतीत मात्र श्रीमंती होती. बकऱ्यासुद्धा त्याला वळसा घालून जायच्या.

त्या झुडपाचं काही वाया गेलेलं मला आठवत नाही. कोणाचं तोंड आलं की वाळलेल्या पाकळ्यांची पूड आणि खडीसाखर. उन्हाळी लागली की बरणीतला गुलकंद, जो आमच्या घरची मंडळी उन्हाळी न लागताही चाटायची. पोट बिघडलं तर मुळीच्या सालीचा काढा. तो इतका तुरट असायचा की अर्धी माणसं तो पाहूनच बरी व्हायची. पण आत्याबाईंचं खरं नाव होतं ते डोळ्यांच्या पाण्यासाठी. आता औषधाच्या दुकानात थेंबांची बाटली मिळते आणि मीही तीच आणते. उगाच जुन्याचे गोडवे गायची मला सवय नाही. पण त्या बाटलीला वास नाही, आणि चैत्रात नाल्यावरून वारा आला की मला अजून त्या पाण्याची आठवण येऊन गलबलतं.

ते पाणी करायची रीत अशी. गडूत पाकळ्या आणि पाणी घालायचं, वर झाकण, झाकणाच्या कडेने कणकेचा लेप, आणि खाली गोवऱ्यांचा मंद विस्तव. मधे झाकण उघडायचं नाही. उघडलं की त्यातला जीव उडून जातो, असं त्या म्हणायच्या. लवकर उतरवलं तर नुसतं कोमट पाणी, उशीर झाला तर कडू आणि झोंबणारं. मग आत काय चाललंय ते कळायचं कसं? पूर्वी आत्याबाई गडूपुढे डोळे मिटून बसायच्या आणि त्यांच्या आईने दिलेला देवीचा मंत्र पुटपुटायच्या. तो संपला की गडू खाली. आदल्या संध्याकाळी झुडपाच्या बुडाशी हळदकुंकू वाहून 'उद्या येतो' असं आवतणही द्यायचं असे. हे सगळं मी ऐकलेलं. मी पाहिलं ते त्यानंतरचं.

छप्पनच्या दसऱ्याला आत्याबाई आणि माझे सासरे बाबाराव नागपूरला गेले आणि बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले. आल्यावर देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून त्यांनी नदीत सोडले. मंत्र काही टाक नव्हता, नदीत सोडायला. तो त्यांच्या जिभेवर होता. पण देवदेवतांना मानणार नाही असा शब्द त्या देऊन आल्या होत्या, म्हणून त्यांनी मंत्र म्हणायचा सोडला. पुढे मरेपर्यंत कोणाला सांगितलाही नाही. त्याच वर्षीच्या माघात मी या घरात सून म्हणून आले, आणि फाल्गुन संपता संपता रानगुलाब फुलला.

त्या पहिल्या सकाळी मी टोपली घेऊन त्यांच्याबरोबर नाल्यावर गेले. आत्याबाई झुडपासमोर नुसत्याच उभ्या राहिल्या. काय म्हणावं ते त्यांना सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी एक फांदी वाकवली आणि हळूच म्हणाल्या, "घेतो व माय."

मला हसू आलं. मी म्हटलं, "आत्याबाई, आता तं आवतण बंद केलं ना?"

"झाडाले इचारलं तं शपथ मोडते का? तू टोपली धर."

त्यांच्या पाण्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे तांड्यातली धनीबाई. गिऱ्हाईक म्हणायचं आपलं, खरं तर दोघी जिवाभावाच्या. पऱ्हाटीच्या वावरात वर्षानुवर्षं शेजारच्या ओळीत कापूस वेचलेल्या. त्या वर्षी धनीबाई पोरीच्या लग्नाची तयारी करत होती. बंजाऱ्यांत लेकीचा घागरा, कांचळी, ओढणी आईने भरायची असते, आरसे आणि कवड्या लावून. दिवसभर वावर आणि उरल्या उजेडात सुई, असं करून धनीबाईचे डोळे लाल झाले होते, पाणी गळत होतं. सुईत दोरा जाईना. जमनाचं लग्न वैशाखात आणि घागरा अर्धाच भरून झालेला.

आत्याबाईंनी गडू चढवला. मंत्र नाही, तेव्हा त्या नुसत्याच त्याच्याकडे बघत बसल्या. करपेल या धास्तीने लवकर उतरवला. ते पाणी धनीबाईने दोन दिवस डोळ्यांत घातलं, काही फरक नाही. दुसऱ्यांदा त्यांनी जास्त वेळ ठेवला. ते पाणी डोळ्यांत गेलं आणि धनीबाई ओरडतच उठली. संध्याकाळपर्यंत तिच्या पापण्या सुजल्या. तांड्यात बोलणं सुरू झालं, देवी सोडली म्हणून पाण्यातला गुण गेला. आमच्या वस्तीतही एकदोघी हळू आवाजात तेच म्हणू लागल्या, आणि ते मला जास्त झोंबलं.

चार दिवसांनी धनीबाई पदराने डोळे झाकत आमच्या ओसरीवर आली. भांडायला नाही, विनवायला.

"पंचफुला, एक डाव म्हन ना तो मंतर. मनातल्या मनात म्हन. कोनाले कायले समजते?"

"मले समजते ना," आत्याबाई म्हणाल्या.

"माह्या पोरीचा घागरा तसाच पडला हाये. तुले तुही शपथ मोठी हाये का माहे डोये?"

धनीबाई उत्तराची वाट बघत बसली, मग उठून गेली. जाताना मागे वळून पाहिलंही नाही. त्या रात्री आत्याबाई जेवल्या नाहीत. मी आग्रह केला तर म्हणाल्या, "इंदे, तिचं खरं निंगालं तं? माह्या हातचा गुन माहा नसनच, त्या मंतराचाच असन, तं म्या आता कोन?" एवढी करारी बाई मी तोवर अशी खचलेली पाहिली नव्हती, आणि मला त्यांचा फार कळवळा आला.

मग माझेच डोळे आले. सकाळी पापण्या चिकटलेल्या. आत्याबाई नको नको म्हणत असताना मीच हट्ट धरला, की गडू चढवा, बिघडलं तर माझ्यावर बिघडू द्या. संध्याकाळ होती. त्यांनी विस्तवावर गडू ठेवला आणि तेवढ्यात वस्तीची माणसं आमच्या अंगणात बुद्धवंदनेला जमली. रोजच्यापेक्षा लवकर. बाबाराव एकेक ओळ म्हणायचे आणि बाकीचे अडखळत त्यांच्यामागून. त्रिसरण, पंचशील, सगळं नवं, जिभेवर न बसलेलं. आत्याबाई हात जोडून पुढच्या रांगेत बसल्या होत्या. मधेच उठणं बरं दिसेना. त्यांचा जीव चुलीपाशी आणि ओठ वंदनेत. शेवटचं 'साधु, साधु, साधु' झालं तशा त्या धावतच आत गेल्या आणि कणीक फोडून झाकण काढलं.

मला दिसत तर काही नव्हतं. पण वास ओसरीपर्यंत आला. पहाटे झुडपाजवळ येतो तसाच, कोवळा.

"इंदे," आत्याबाईंनी आतून हाक मारली. "इंदे, वास घे."

पाणी निवल्यावर त्यांनी आधी स्वतःच्या डोळ्यात एक थेंब घातला, थोडा वेळ थांबल्या, आणि मग माझ्या. गार वाटलं, इतकं गार की मी तशीच भिंतीला टेकून झोपले. आत्याबाई मात्र चुलीपुढे बसून स्वतःशीच बोलत होत्या. "देवी नव्हती व. मंतर सरेपर्यंत ते शिजे. तेवढाच येळ लागे त्याले."

"म्हणजे एवढे वर्षं तुमी घड्याळच म्हनत होत्या," मी डोळे मिटूनच म्हटलं. त्या इतक्या हसल्या की बाबाराव आत डोकावून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम वंदनेच्या वेळेला गडू ठेवला, तिसऱ्या दिवशीही. पाणी दोन्ही वेळा तसंच उतरलं. तेव्हा कुठे त्या वाटी झाकून नाला ओलांडून तांड्यात गेल्या. मी बरोबर होते. धनीबाई दारात बसली होती, मांडीवर घागरा, हातात रिकामी सुई. तिने वाटीकडे पाहिलं आणि विचारलं, "मंतर म्हनला का?"

हो म्हटलं असतं तर काम सोपं होतं. माझ्या तर ओठांवर आलंच होतं.

"नाही म्हनला," आत्याबाई म्हणाल्या. "म्हननारबी नाही. हे पानी म्या माह्या डोयात घालून आली, हिच्याबी घातलं. तुले घ्याचं तं घे, नाही तं म्या जातो."

धनीबाई सुई बोटांत खेळवत राहिली. मग तिने सुई घागऱ्यात टोचून ठेवली, भिंतीला डोकं टेकलं आणि तोंड वर केलं.

वैशाखात जमनाचं लग्न झालं, पुऱ्या भरलेल्या घागऱ्यात. निघताना बंजाऱ्यांची नवरी आई-मावश्यांच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते. ते गाणं म्हणावं की रडणं म्हणावं, दोन्ही एकच असतं. आम्ही वस्तीतल्या बायका रानगुलाबाजवळ उभ्या राहून ऐकत होतो. जमनाबरोबर धनीबाईचाही आवाज येत होता. आत्याबाईंनी डोळे पुसले आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "वंदनेएवढाच हाये व हा. एवढ्यात पानी होते." पुढे त्यांनी धनीबाईला पाणी करायला शिकवलं तेव्हा हेच सांगितलं, की तू तुझा ढावलो म्हण, मी माझी वंदना म्हणते, गडूला काय त्याचं.

साठ सालानंतर वस्तीतल्या पोरांना वंदना तोंडपाठ झाली. ती घडाघडा म्हणू लागली तशा आत्याबाई त्यांच्यावर खेकसायच्या, "हळू म्हना रे बाप्पा, माहं पानी कच्चं राह्यते." पोरं हसायची आणि हळू म्हणायची. त्या वर्षांत आमचं घर कधी रिकामं नसायचं. कोणाचं पोर कडेवर, कोणी बाजारातून परस्पर आलेलं, आणि चुलीवर गडू. मला वैताग यायचा. आता त्या गर्दीतलं एकेक माणूस आठवतं.

सदुसष्टच्या चैत्रात आत्याबाईंनी अंथरूण धरलं. अंगात ताप मुरलेला, डोळे जळत होते. रानगुलाब फुलला होता, पण माझे हात त्यांच्या उशापायथ्यापासून सुटत नव्हते. एका दुपारी धनीबाई ओच्यात पाकळ्या घेऊन आली. हात ओरखड्यांनी भरलेले. मला काही न विचारता तिने चुलीतला विस्तव मंद केला, गडू ठेवला, कणकेने झाकण लिंपलं, आणि चुलीकडे तोंड करून हलक्या आवाजात ढावलो म्हणायला लागली. लेकीला निरोप द्यायचं गाणं. अर्ध्यावर आल्यावर धनीबाई थांबली.

खाटेवरून आत्याबाईंचा बारीक आवाज आला. "मधात थांबू नको व धने. पानी कच्चं राहीन."

धनीबाईने पदराने तोंड पुसलं आणि जिथे सोडला होता तिथून ढावलो पुन्हा म्हणायला घेतला.