भरलेल्या गालांचा फोटो

धाकट्या बहिणीच्या अंगावर काही लागलं नसतानाही निळे डाग उठायचे, दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्त थांबवणाऱ्या पेशी हिचं शरीर स्वतःच मारून टाकतं. गोळ्या देताना त्यांनी मला बजावलं, "यानं चेहरा सुजेल. पण मला विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका."

महिनाभरात डाग गेले आणि तिचे बसलेले गाल गोल भरले. धानाच्या रोवण्याला आलेल्या बाया म्हणायच्या, "पोरगी कशी भरून आली वं!" आईनं लगेच तिला पवनीला नेऊन लग्नासाठी फोटो काढला. पाहुणे येणार होते. रोज गोळ्या खाणारी पोरगी त्यांच्या नजरेस पडायला नको होती. "बरी झाली ना आता? मंग कायले गोळ्या?" म्हणत आईनं बाटली पेटीत टाकली.

ती सूज आहे, हे घरात फक्त मला माहीत होतं. मी मोठा शिकलेला, शहापूरच्या शाळेतला मास्तर! पण तो फोटो मलाही आवडला होता. म्हटलं, पाहुणे येऊन जाऊ देत, मग सांगू.

पाहुणे यायच्या आधीच तिच्या नाकातून रक्त सुरू झालं. ते थांबलंच नाही.

तिचा तेवढा एकच फोटो आहे. हार घातलेला तो चेहरा पाहून लोक विचारतात, "एवढी धट्टीकट्टी पोरगी, गेली कशानं?"

"नजर लागली माह्या पोरीले," आई म्हणते.

मी होकारार्थी मान हलवतो.