एरंडेलाशिवाय

"आधी ऐक, मग पीळ," म्हणत काका माझा हात धरायचे. विमानाच्या चिमुकल्या इंजिनाची सुई फिरवून इंधन कमीजास्त करायची मला फार घाई. ते मात्र डोळे मिटून, मान तिरकी करून इंजिन ऐकत राहायचे.

काका कोथरूडला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. कारखान्यातून निवृत्त झाले आणि रिमोटवर उडणाऱ्या विमानांच्या नादी लागले. रविवारी आम्ही हडपसरपलीकडच्या माळावर जायचो. काकू येत नसत. त्या इंजिनाला मिथेनॉलमध्ये एरंडेल मिसळलेलं इंधन लागे आणि त्याचा वास काकांच्या कपड्यांबरोबर घरी येई. लहानपणी काकूंना एरंडेल पाजलेलं. "हा वास आला, की कोणीतरी माझं नाक दाबून धरलंय असं वाटतं," त्या म्हणायच्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बायकोला "चल" म्हणून आग्रह करणार नाहीत, पण तिची अडचणच काढून टाकायला बसतील. काकांनी इंजिनच पेट्रोलवर करायला घेतलं. पेट्रोलचा वास काकूंना चालायचा. सगळा जन्म स्कूटरवर मागे बसण्यात गेलेला.

तापत्या तारेचा प्लग काढून त्यांनी ठिणगीचा बसवला. ठिणगी वेळेवर पडावी म्हणून पंख्यामागे लोहचुंबक लावलं. पेट्रोल कमी लागतं, म्हणून सुई नव्याने, बारीक घडवली. इंजिन दोन गिरक्या घेई आणि गप्प बसे. अख्खा पावसाळा असाच गेला.

"काका, सरळ बॅटरीवरचं विमान घ्या की. वासच नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने चहा संपवला.

दिवाळीनंतर ते इंजिन एकदाचं न थांबता चालू राहिलं. पुढच्या रविवारी काकू माळावर आल्या, छत्री उघडून खुर्चीत बसल्या. विमानाने दोन फेऱ्या मारल्या आणि ते नीट उतरलं. काका त्यांच्याकडे बघत उभे.

"एरंडेल गेलं," काकू म्हणाल्या. "आता आवाजाचं तेवढं बघा."

काका इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यानंतर काकूंनी एकही रविवार चुकवला नाही.

गेल्या वर्षी काका गेले. झोपेतच. काही महिन्यांनी काकूंनी बेल वाजवली.

"ते विमान घरात नुसतं पडलंय."

"मी घेऊन जाऊ का?"

"ने. आणि मलाही ने. मला उडवायला शिकव."

माळावर मी रिमोट त्यांच्या हातात दिला, त्यांच्या बोटांवर माझी बोटं ठेवली. विमान धावलं, उचललं गेलं, झाडांच्या वर पोचलं. काकूंची नजर त्याच्यावरून हलत नव्हती.

"आता सोड," त्या म्हणाल्या.

मी हात काढून घेतले.