ओहोटी नसलेली दलदल

नोव्हेंबरची नऊ तारीख, रविवार. मागच्या पडवीत मी सोडे वाळवायला कोलंबी सोलत बसले होते. डोकं मोडायचं, साल काढायची, पाठीतला काळा दोरा ओढायचा, की कोलंबी परातीत. ऊन कडक होतं, ते फुकट घालवायचं नव्हतं. आत टीव्हीवर बेडूक ओरडत होते.

हे बेडूक व्हिडिओ गेममधले. आमची मुलगी पुण्यात नोकरी करते. दिवाळीला आली तेव्हा तिने स्वतःचा गेम आणून इथल्या टीव्हीला जोडला आणि इथेच ठेवून गेली. श्रावणात तिच्या बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. पाय बराच सुधारला, उजवा हात अर्धवट राहिला. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू ते खाटेखाली ढकलून देत. बटणं दाबायचा खेळ असेल तर बोटं हलतील, असं मुलीने ठरवलं, आणि बोटं थोडी हलायला लागलीही. प्रगती बघायला ती शनिवारी परत आली होती.

त्या गेममध्ये किल्ले आहेत, बर्फाचे डोंगर आहेत, आग ओकणारे प्राणी आहेत. आमच्या ह्यांनी ते सगळं सोडून दलदल धरली. हिरवट धुकं, सोललेली झाडं, गुडघाभर काळं पाणी आणि पलीकडे एक दिवा लागलेलं घर. त्या घरापर्यंत पोचायचं. खेळातला वीर डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात. असले बूट घालून चिखलात उतरणारा आमच्या खाडीत पहिल्याच दिवशी गेला असता, असं मी म्हणाले, तर हे बऱ्याच दिवसांनी हसले होते. जन्मभर ह्यांनी खाडीतच होडी चालवली, जाळी लावली, चिंबोऱ्या पकडल्या. आता खाडी म्हणून हेच होतं.

खरी होडी श्रावणापासून काठावर उपडी पडली होती. लाकडी होडी पाण्याबाहेर राहिली की सुकते, फळ्यांमध्ये फटी पडतात, मग ती जळणाच्या कामाची. पलीकडच्या गावातला एक मच्छीमार ती मागत होता. सोमवारी सकाळी येतो, नाहीतर दुसरी बघतो, असा त्याचा निरोप होता. डॉक्टरांनी ह्यांना होडीत पाय ठेवायला मनाई केली होती. मी विचारलं की हे म्हणत, ‘‘दिवाळी होऊ दे.’’ दिवाळी झाली तर म्हणाले, ‘‘थंडी पडू दे, जाईन मी.’’ होडी त्यांची. त्यांच्या तोंडून ‘दे’ आल्याशिवाय मी देणार नव्हते, आणि ती कुजलेलीही मला बघायची नव्हती.

दुपारी मुलगी पडवीत आली. ‘‘आई, बाबा झोपलेत का गं? केव्हाचा तो गेममधला माणूस एकाच जागी उभा आहे.’’

मी तशाच ओल्या हातांनी आत गेले. हे टक्क जागे. पडद्यावर वीर दलदलीच्या काठाशी उभा, बेडूक ओरडतायत.

‘‘काय करताय?’’

‘‘थांबलोय.’’

‘‘कशासाठी?’’

‘‘ओहोटी लागू दे. भरलेल्या पाण्यात कोण उतरतो गो? आज पंचमी. सकाळची ओहोटी गेली.’’

खाडीवरची माणसं तिथीवरून पाण्याची वेळ काढतात. त्यासाठी ह्यांना कधी घड्याळ लागलं नाही. मुलीला आधी हसू आलं, मग ते तिने आवरलं.

‘‘बाबा, ह्यात तिथी चालत नाही. ह्या पाण्याला भरती-ओहोटीच नाही.’’

‘‘मग हे पाणी जातं कुठं?’’

‘‘कुठेच नाही. असंच राहतं.’’

‘‘मग सडणारच. तुझ्या पुण्याच्या लोकांनी केलंनी वाटतं.’’

‘‘जपानच्या.’’

‘‘त्यांच्याकडे तर समुद्र हाय!’’

एवढं बोलून त्यांनी वीराला पाण्यात घातलं. चार पावलं बरी गेली. पुढे चिखल ओढायला लागला की अंगठ्याने पटकन बाजूला वळवायचं असतं. अंगठा वळला, पण उशिरा. वीर छातीपर्यंत गेला, मग शिरस्त्राण गेलं, मग नुसते बुडबुडे. गेमने त्याला पुन्हा काठावर आणून ठेवलं. हे पुन्हा उतरले. पुन्हा तेच.

‘‘द्या, मी नेते पलीकडे,’’ मुलगी म्हणाली.

‘‘तू गप. वाट मला दिसतेय.’’

वाट त्यांना दिसत होती, हे खरंच होतं. डावीकडच्या मुळांवरून जायचं, हे मलाही दिसत होतं. कालवं-शिंपल्या काढायला मी असल्याच चिखलात उतरत आलेय. दरवेळी ते बरोबर मुळांच्या दिशेने बघत, आणि दरवेळी अंगठा मागे राही. कपाळावर घाम आला होता. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, करू दे म्हणून.

शेवटी त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

‘‘इथं बरं आहे,’’ ते म्हणाले. ‘‘बुडाला तरी परत काठावर आणून ठेवतात.’’

बेडूक चालूच होते.

‘‘उद्या येणार ना तो?’’

‘‘हो.’’

‘‘दे त्याला होडी. वल्हीपण दे. नुसती होडी घेऊन काय करील.’’

मुलगी न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी होती. मी पडवीत गेले. निम्मी टोपली सोलायची शिल्लक होती. संध्याकाळी मुलगी पुण्याच्या एसटीला बसली. ह्यांनी नेहमीसारखं पोचल्यावर फोन कर म्हणून सांगितलं, आणि जेवून कूस वळवून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वल्ही खांद्यावर घेऊन खाडीवर गेले. ह्यांना चला म्हटलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. तो माणूस भावाला घेऊन आला होता. दोघांनी होडी सुलटी केली. ‘‘दादा नाय आले?’’ त्याने विचारलं. ‘‘नाही,’’ मी म्हणाले. भरती चढायला लागली तशी होडी पाण्यात ढकलली. फटींतून लगेच पाणी आलं. दोघांपैकी एकाला वल्हवायचं होतं, एकाला फटीत कापूस कोंबायचा होता, उपसायला माणूस नव्हतं. मी साडी खोचली, तेलाचा रिकामा डबा घेतला आणि आत बसले. पलीकडच्या काठापर्यंत पाणी उपसत गेले. येताना उतारूंच्या तरीतून आले.